हिरव्या लुगड्याची पवनचक्की

टेकवाडी, ता. माण
२७ जून १९७६

चि. सौ. शकुंतला हिस वहिनीचे अ. उ. आ.

सडा टाकून झाला होता, शेळ्यांना पाला घातला होता आणि मी चुलीपुढं भाकरी थापत होते. तेवढ्यात शाळेच्या माळावरून एक पांढरं धोतर उडत आलं आणि आपल्या काळ्या शेळीच्या शिंगात अडकलं. शेळी पुढं, दहावीचा अख्खा वर्ग मागं. धोतर हेडमास्तर विष्णुपंतांचं होतं. काळजी करू नकोस, ते आत नव्हते.

शाळेत वाईचे गंगाधर मास्तर आलेत, ते मुलांकडून पवनचक्की करून घेतायत. हात काळे झाल्याशिवाय इंजिनिअरिंग डोक्यात जात नाही, असं त्यांचं म्हणणं. सायकलचं चाक खांबावर वाऱ्याच्या तोंडाला बसवायचं, त्याला कापडाची शिडं लावायची. चाक फिरलं की सायकलचाच डायनामो फिरून दिवा लागेल. तो पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसमोर लावायचा आहे. शिडांना डब्याचा पत्रा लावला, तो जड झाला. हेडमास्तरांचं धोतर लावलं, ते शेळीला मिळालं.

शिलाई मशीन गावात माझंच. म्हणून धोंडुबाईची नात अंबू, दहावीतलीच, विचारत होती, आवं काकी, दाट विणीचं कापड हाय का कुठं. मी नाही म्हणाले. पण ट्रंकेत तुझ्या दादांनी शेवटच्या रजेत आणलेलं हिरवं लुगडं आहे. दिवाळीला नेसेन म्हणून घडी मोडली नाही, आणि दिवाळीआधी पलटणीची तार आली. दर उन्हाळ्यात त्याला ऊन दाखवते आणि परत ठेवते. काय करू, कळव. मुलांना पापा.

तुझी वहिनी,
राहीबाई

सांगली
४ जुलै १९७६

ती. वहिनीस शकूचा शि. सा. न. वि. वि.

शेळीचं वाचून हसता हसता ठसका लागला. पण लुगडं कापू नका. ते दादाने इथं सांगलीत माझ्यासमोर घेतलंय. एकेक लुगडं उंबऱ्याबाहेर उन्हात धरायला लावलं. शेवटी दुकानदार म्हणाला, आवं हवालदारसाहेब, कापड घेताय का जवान भरती करताय.

मुलं आज चक्की करतील, उद्या विटीदांडू खेळतील. माझ्याकडं दादाचं काहीच नाही. कापायचंच झालं तर निदान पदर मला ठेवा. रागावू नका, माया आहे म्हणून बोलते.

आपली,
शकू

टेकवाडी
२१ जुलै १९७६

चि. सौ. शकूस अ. उ. आ.

भरतीचं त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. तुझं पत्र वाचून ते पुन्हा एकदा रजेवर येऊन गेल्यासारखं वाटलं.

लुगडं कापलं. इतकी वर्षं ऊन दाखवलं, आता वारा दाखवते. कातरी लावताना हात थांबला, तेव्हा अंबू हळूच म्हणाली, काकी, दुसरं बघू का. मी तिला म्हणाले, तू खूण सरळ काढ. पदर बाजूला ठेवलाय.

आता रोज माळावर भांडणं. शिडं सपाट बांधली तर चाक ढिम्म हलत नाही, तिरकी केली की पळतं. किती तिरकी, त्यावरून पोरं हमरीतुमरीवर येतात. मास्तर उत्तर सांगत नाहीत. आसाला दोरीनं दगडांची पाटी बांधून म्हणतात, उचलून बघा. काल लुगड्यानं पाटीभर दगड उचलले. धोंडुबाई म्हणाली, राही, लुगडं गड्यागत राबतंय, त्याला न्याहारी दे.

पण शाळेवर विधवेचं हिरवं लुगडं, अशी कुजबुजही आहे. पंधरा ऑगस्टला चाक अडलं, तर दोष माझ्यावर येईल. माझं जाऊ दे, त्यांनी आणलेल्या कापडाला कुणी अपशकुनी म्हणू नये. लोभ असू दे.

राहीबाई

सांगली
२ ऑगस्ट १९७६

ती. वहिनीस शि. सा. न.

कापलंत ना? आठवडाभर मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्हाला कळलं नसेल.

मग यांनी जुन्या सायकलचा चांगला डायनामो काढून दिला. दहिवडीच्या एस.टी.त कंडक्टरकडं दिलाय. पदर विसरू नका. राग गेला, लोभ आहे तसाच आहे.

शकू

टेकवाडी
१७ ऑगस्ट १९७६

चि. सौ. शकूस अ. उ. आ.

पाहुणे होते सभापती हंबीरराव. वारा पश्चिमेचा, मंडप दक्षिणेला. विष्णुपंत सकाळीच म्हणाले, पाहुण्यांपुढं तोंड फिरवून उभं राहायचं ही रीत नव्हे. मास्तर नको नको म्हणत असताना त्यांनी चक्कीचं तोंड मंडपाकडं करून घेतलं. वारा नुसता कडेनं निघून जाई. चाक हलेना. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, मी म्हटलं नव्हतं का. मी खाली बघत बसले.

तेवढ्यात अंबू उभी राहिली आणि सभापतींनाच म्हणाली, आवं, झेंडा तरी कुठं तुमच्याकडं बघतोय. सगळ्यांनी वर पाहिलं. झेंडा वाऱ्याबरोबर खुशाल पूर्वेला फडकत होता. हंबीरराव आधी हसले. मग स्वतःची खुर्ची स्वतः उचलून पश्चिमेला जाऊन बसले. त्यांच्यामागं सतरंज्या, बाकं, गाव, सगळं निघालं. पोरांनी खांब वाऱ्याकडं वळवला आणि शकू, आपलं लुगडं असं फिरायला लागलं की नुसतं हिरवं वर्तुळ दिसावं. विष्णुपंतांची टोपी गेली, सभापतींचा फेटा सुटला.

तुम्ही पाठवलेल्या डायनामोवर दिवा लागला, पण भर उन्हात दिसेना. मग कुणीतरी घोंगडी आणली. दिव्यावर घोंगडी धरायची आणि एकेकानं आत डोकं घालायचं. सगळं गाव रांगेत उभं. माझी पाळी आली. आत अंधार, आणि तो एवढासा पिवळा दिवा, वाऱ्यासरशी कमीजास्त होणारा. मी जरा जास्त वेळ थांबले. धोंडुबाई बाहेरून ओरडली, अगं ये की, सिनेमा हाय का आत.

माया आहे तेवढी राहू दे, त्यातली कमी करू नकोस.

तुझी,
राहीबाई

ता. क. दुसऱ्या दिवशी पदराचे दोन भाग केले. एक सोबत पाठवलाय. दुसऱ्याची चोळी शिवली आणि ती घालून पाण्याला गेले.