खोलीखालची केळीची पानं

फैजपूर. रविवार, संध्याकाळ.

पिकअप गाडीवर प्रवासात राहायची खोली एकदाची बसली. चार महिने प्लायवूड नि लोखंडी पाइप जोडत होतो. आज केळी भरणारी आठ माणसं बोलावून ती वर चढवली. त्यांनी काय करावं? खोली ठेवण्याआधी सवयीने गाडीत केळीची पानं अंथरली. मी मुद्दाम आणलेली रबराची शीट बाजूलाच. ओरडलो, तर त्यांचा मुकादम शांतपणे म्हणाला, "भाऊ, पानं नसले तं माल घासतो." माझ्या खोलीला माल म्हणतो.

आता पानं काढायची तर पुन्हा आठ माणसं हवीत. दुपारभर तेच डोक्यात.

या खोक्यात मी झोपणार नाही, असं बायको पहिल्यापासून म्हणत होती. संध्याकाळी मात्र स्वतःच चहाची कपबशी घेऊन आत बसली. "चालवा, बघू."

शेतरस्त्याने विहिरीपर्यंत नेली. खोली जराही वाजली नाही. पानांमुळे? असेल. मुकादमाला सांगणार नाही.

थांबून मागे गेलो. चहा बशीत सांडला होता. आता ही बोलणार, असं वाटलं. तिने बशी तोंडाला लावली.

"नाहीतरी मी बशीतनंच पिते. पहिल्यांदा कुठं जायचं?"