बाराच्या तारा

सरावली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सुजित,
अनेक आशीर्वाद. मामा-मामींना नमस्कार सांग. मामींनी वाणगावहून धाडलेली ढोबळी मिरची पोचली, दोन दिवस तीच भाजी चालू आहे. कंपनीत शटडाऊन, त्यामुळे मी घरीच. म्हटलं, लिहून टाकावं. फोनवर तुझं "दादा, दादा" सुरू झालं की मला बोलवत नाही.

जुन्या इलेक्ट्रिक ब्लूजचा आवाज हवाय, तर तो शंभर वॅटचा, पन्नास इफेक्टवाला अ‍ॅम्प घेऊ का, असं तू विचारलंस. परवा मी "घे, डोळे झाकून घे" असं टाइप केलं होतं. मग खोडलं.

शिरगावच्या लग्नात तू गिटारवर एकच स्वर ओढून धरलास आणि जेवणाऱ्यांचे हात थांबले. परतताना बाइकवर मागून तुझी वहिनी म्हणाली, "सुजितची गिटार रडते हो. तुमची नुसती वाजते." मी बाइक जोरात पळवली. तुला पहिला कॉर्ड मी शिकवला रे. वीस वर्षं घासतोय मी. फार जळलो. अजून जळतोय.

पण खरं सांगायचंय ते त्याच्या आधीचं. गेल्या वर्षी तू तारा विचारल्यास, तेव्हा बाराच्या, बारा नंबरच्या जाड तारा लाव, त्याही दांडीपासून उंच ठेव, दाबायला जोर लागला पाहिजे, असं मीच सांगितलं. खरे ब्लूजवाले असंच वाजवतात म्हणालो. माझ्या स्वतःच्या गिटारवर नवाच्या, बारीक, मऊ. वाटलं, बोटं सोलली की महिन्याभरात तुझी गिटार कपाटावर जाईल. तू बोटांना पट्ट्या बांधून वाजवत राहिलास, आणि त्या जाड तारांनीच तुला तो भरदार आवाज दिला. वर लोकांना सांगत फिरतोस, दादाने सांगितलं म्हणून. ते मला ऐकवत नाही.

तर या वेळी खरं सांगतो. शंभर वॅटचा घेऊ नकोस, तो घरात पुरता मोठा करताच येत नाही. छोटा, पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हचा हवा. आवाज इतका वाढवायचा की जोरात छेडलं तर फाटेल आणि हळू वाजवलं तर साफ येईल. इफेक्ट काही नकोत. तसा माझ्याकडे आहे. तुला कधी हात लावू दिला नव्हता, तोच.

रविवारी ये आणि घेऊन जा. वहिनी जेवल्याशिवाय सोडणार नाही. फक्त इथे वाजवून बघू नकोस. तेवढं मला झेपणार नाही.

दादा म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

ज्ञानेश