ससे माझे, स्वकष्टार्जित

मी, परशराम सत्याप्पा मुचंडीकर, वय वर्षे बावन्न, धंदा रबरी शिक्के करणे व एका साप्ताहिकात ‘दाभण’ हे सदर लिहून माणसे दुखावणे, राहणार बेळगाव, आज पूर्ण शुद्धीवर राहून हा कागद करीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी जयाबाई स्वयंपाकघरात आहे व भांडी नेहमीपेक्षा जोरात घासत आहे, यास दबाव म्हणता येत नाही. येत्या रविवारी मिरजेस माझे पित्ताशय काढून टाकणार आहेत. डॉक्टर म्हणतात, धोका नाही. माझे वाचक म्हणतात, मग हा लिहिणार कशाने? दोन्ही मते लक्षात घेऊन मिळकतीची व्यवस्था लावतो ती अशी :

१. राहते घर, वरच्या माळ्यासह व गळक्या मोरीसह, जयाबाईस. मोरी दुरुस्त करतो, असे मी लग्नापासून म्हणत आलो आहे. ते वचनही तिलाच मिळावे.

२. पोस्टातील शिल्लक जयाबाईस. रक्कम लिहिण्याजोगी नाही, पण या कागदातला लाजेचा विषय तो नव्हे. तो पुढे आहे.

३. खडेबाजारातील दुकान, रबर तापवून दाबायचे यंत्र आणि मराठी, कानडी, इंग्रजी अक्षरांचे खिळे पुतण्या कृष्णात यास. अट एकच. मराठी व कानडी खिळे एकाच कपाटात ठेवावेत. सीमाभागाच्या मोर्चाचे शिक्के आपण करतो आणि मोर्चाला परवानगी नाकारणाऱ्या कचेरीचेही आपणच करतो. दोघांची शाई एकाच बाटलीतली असते, हे दोघांनाही सांगू नये.

४. साप्ताहिकाच्या संपादकांना माझी दुकानातली खुर्ची द्यावी. तिचा एक पाय आखूड आहे. माझ्या मजकुराचा शेवटचा परिच्छेद ते दर आठवड्याला कापतात. कसे वाटते ते बसून बघावे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर मायाप्पा वकिलांना बोलू देऊ नये. ते माइक सोडत नाहीत आणि मला उठून जाता येणार नाही.

५. राहिला माळ्यावरचा लाकडी डबा. हे कलम लिहिण्याआधी मी दोनदा पाणी प्यालो.

डब्यात शिक्के आहेत. अक्षरांचे नव्हेत. ससे, बदके, शेंग खाणारी खार, मिशा असलेले मांजराचे पिल्लू, छत्री घेतलेले अस्वल. झिजलेल्या हवाई चपलांच्या तळव्यांतून ते ब्लेडने कापलेले आहेत. दर संक्रांतीला या शिक्क्यांची भेटकार्डे होतात. वर ससा, खाली ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, कोपऱ्यात चिमूटभर हलव्याची पुडी. आमच्या दुकानाशेजारी निपाणीच्या रायगोंडा पाटलांचे वह्या-कागदांचे दुकान आहे, तिथे ती विकतात. कॅम्पापासून येळ्ळूरपर्यंत बायका ती घेतात, आणि सगळे बेळगाव त्यांना ‘जयाबाईंची कार्डं’ म्हणते.

जयाबाई पुड्या चिकटवते, पाकिटे करते. कापतो मी.

का कापतो, हे नीट सांगता येत नाही. अक्षर उलटे कापावे तेव्हा ते कागदावर सुलटे उठते. सगळी उमर उलटे कापण्यात गेली. समोर बघणारा ससा उलटा नसतो, सुलटा नसतो, मराठी नसतो, कानडीही नसतो. तो कापताना मला कोणाचा राग येत नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे शोभत नाही.

ती कार्डे जयाबाईंची कशी झाली? आणीबाणी उठली त्या वर्षी एका गावच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी भरमू शिक्का न्यायला आले. मी घाईत भलतीच पुडी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ते कागद फडकवीत दुकानात शिरले. संपादक व चळवळीतले दोघे जण चहा पीत बसले होते.

“परशरामअण्णा, ह्ये काय वो? ठरावावर चेअरमनच्या सहीखाली बदक उठलंय!”

“कसलं बदक?”

“टोपी घातलेलं!”

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्याच आठवड्यात फुलपाखरावर कविता केली म्हणून एका प्राध्यापकाला मी ‘दाभण’मध्ये सोलून काढले होते.

“ते व्हय,” मी म्हणालो. “आमच्या बायकोचं खूळ.”

जयाबाई माझा जेवणाचा डबा घेऊन दारातच उभी होती. तिने बदकाकडे बघितले, मग माझ्याकडे.

“व्हय, माझंच,” ती म्हणाली. “बरं उठलंय की.”

तेव्हापासून ते तिचे. संशय नको म्हणून मी त्या कार्डांची छापून टर उडवतो. यंदाही उडवली. बायका तिला तिळगूळ देताना म्हणतात, “कसला कडू नवरा मिळालाय वो तुमास्नी!” ती त्यांना बसवून चहा देते.

आता महिला मंडळाने बेत केला आहे. येत्या रविवारी हळदीकुंकवाला जयाबाईचा खण-नारळ देऊन सत्कार, आणि मग तिने सगळ्यांसमोर चपलेचा ससा करून दाखवायचा. जयाबाईला रबर कापता येत नाही. इतक्या बायकांत तिच्या हातात ब्लेड देतील आणि सशाच्या जागी काय निघेल, ते मला दिसते आहे. ती खोटी ठरेल, आणि खोटे तिचे नाहीच. म्हणून मिरजेची तारीख मीच मागून रविवारची घेतली. डॉक्टर पुढच्या महिन्यातही चालेल म्हणत होते. नवरा दवाखान्यात म्हटल्यावर सत्कार आपोआप रद्द, असा माझा हिशेब. तो मी मोठ्या मनाने जयाबाईला सांगितला.

ती म्हणाली, “ह्या खेपेला पित्त. फुडल्या हळदीकुंकवाला काय काढून घेणार?”

त्यावर मी मृत्युपत्र लिहायला बसलो. ‘लाकडी डबा, आतील शिक्क्यांसह, जयाबाईस’ असे लिहून तिला मोठ्याने वाचून दाखवले. भांडी थांबली.

“माझं मलाच देतासा?”

“म्हणजे?”

“समद्या बेळगावात माझं म्हणून सांगून ठेवलायसा न्हवं? मग दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात घालता येती व्हय?”

कायदा तिच्या बाजूचा आहे. माणसाला स्वतःचे तेवढेच देता येते. मी पेन खाली ठेवले. ती राखेच्या हातांनी दारात आली.

“ससा कापाय लाज वाटत न्हाय. माझा म्हणाय तेवढी वाटती.”

ती आत गेली. भांडी पुन्हा सुरू झाली.

म्हणून वरील वाक्य खोडून पुढीलप्रमाणे वाचावे : सदर ससे, बदके, खार, मांजर व अस्वल ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मी एकट्याने, स्वतःच्या हाताने, आवडीने कापलेली आहेत. जयाबाईने ती आपली म्हटली ती माझी अब्रू राखण्यासाठी. ती सर्व जयाबाईस द्यावीत.

हे लिहिताना कान गरम झाले. इतकी वर्षे मला सशाची लाज वाटत होती. आता सशाची वाटत नाही. लाज गेलेली नाही, तिचा पत्ता बदलला आहे. ती स्वयंपाकघराकडे तोंड करून बसली आहे.

६. साक्षीदार म्हणून रायगोंडा व भरमू यांना बोलावले. मजकुरावर कोरा कागद ठेवून खाली नुसत्या सह्या घ्याव्यात, म्हणजे जे काही कळायचे ते मी गेल्यावर कळेल, असा माझा विचार होता. रायगोंडांनी लगेच पेन काढले. भरमूंनी मात्र कोरा कागद बाजूला सारला.

“वाचायची गरज नसते,” मी म्हणालो.

“तुमच्या बदकापास्नं मी बघितल्याबिगर कशावरबी सही करत न्हाय.”

त्यांनी वाचले. बोटाने ओळ धरून, ओठ हलवीत, पाचव्या कलमाला थांबत. मला मिरजेचे टेबल बरे वाटू लागले.

“म्हंजे बदक तुमचं?”

“माझं.”

“टोपीबी?”

“टोपीपण.”

भरमू आतल्या दाराकडे वळले. “वैनी, तुमी तर त्या दिशी व्हय म्हणालासा!”

“मग काय म्हणू? मारलेला शिक्का पुसतोय व्हय?” आतून आवाज आला.

रायगोंडा एवढेच म्हणाले, “मला ठावं हुतं. ह्यांच्या दुकानात जुन्या चपला जोडीनं जात्यात आन् भाईर नुसतं कातरण येतंय.”

७. सबब मिरजेची तारीख मी पुढे ढकलत आहे. रविवारी हळदीकुंकवाला जयाबाईबरोबर मी जाईन. हवाई चप्पल व ब्लेड मी नेईन. सर्व बायकांसमोर सतरंजीवर बसून ससा मी कापीन, आणि खण-नारळ जयाबाई घेईल, कारण सोसले तिने. ‘दाभण’चा पुढील मजकूर ससा या विषयावर असेल व त्यात टर माझी असेल, शेवटचा परिच्छेद कापू नये. सदर ठिकाणी मला लाजेने मृत्यू आल्यास हे मृत्युपत्र त्याच क्षणापासून अमलात आणावे. न आल्यास पहिल्या कलमातील मोरी मी सोमवारी दुरुस्त करीन.

ठिकाण : बेळगाव
तारीख : २० जानेवारी १९८४

सही : परशराम सत्याप्पा मुचंडीकर
(सहीशेजारी सशाचा शिक्का आहे. तो चुकून उठलेला नाही.)

साक्षीदार :
१. रायगोंडा पाटील, मूळ राहणार निपाणी
२. भरमू, सेक्रेटरी, दूध सोसायटी. सगळे वाचून, ससा बघून सही केली.