निळ्या मासोळ्यांची पट्टी

बुधवार, दिवेलागण

साकोलीच्या टाइल्सच्या दुकानातून आत्ताच आलो, मी आणि माझा पोरगा महेश. नव्या घराच्या जेवणाच्या खोलीत लावायची पट्टी निवडायची होती. पोरगा सकाळी स्वतःच म्हणाला होता, "आई, डिझाइन तूच पसंत कर."

मी केलं. पांढऱ्या टाइलवर निळ्या मासोळ्या, एकीमागे एक, भिंतभर पोहत जाणाऱ्या. मी बोट ठेवलं तसा महेश दुकानदाराकडे बघून हसला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मासोळी कायले व आई? पाव्हणे पाहतील तं म्हणतील, ढिवराचं घर आहे."

मग कोणाचं आहे? पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या ढिवरांचंच ना?

त्याने बदामी रंगाची द्राक्षांची पट्टी घेतली. कारध्याहून डोक्यावर टोपली घेऊन मी भंडाऱ्याच्या बाजारात इतकी वर्षं काय द्राक्षं विकली? त्याच टोपलीवर शिकला ना हा?

पण दुकानात माझं तोंड का उघडलं नाही? महेशपेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो आहे. त्या निळ्या मासोळीचे कल्लेसुद्धा बरोबर जागी होते. चित्र काढणाऱ्याने मासोळी हातात धरून बघितली असणार. माझ्या पोराला तिची लाज वाटते.

घरी आल्यावर पाय धुता धुता म्हणाला, "आई, वास्तूच्या दुसऱ्या दिवशी आमचे साहेब जेवाले येऊन राहिले. तुह्या हातचा मासोळीचा रस्सा पाहिजे म्हणतात."

मी हो म्हणाले. साहेब समोरची द्राक्षं बघत माझी मासोळी खातील, आणि वाढताना मी पदराला हात पुसून घेईन, वास येऊ नये म्हणून.