पुलावरची अकरा मिनिटं

हॉलिस क्रॉसिंग, नॉर्थ कॅरोलिना
१४ मे १९६३

चि. व्हर्नेल हिस थॅडमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या वसतिगृहातल्या जेवणाची काळजी करून करून इथे मामीचीच भूक गेलीय. माझा अंत्यविधीचा धंदा बरा. माझं गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही, असं मी चारचौघांत म्हणतो आणि लोक हसतात. या आठवड्यात म्हटलं नाही.

लुव्हेनिया गॅडी गेल्या. शनिवारी दुपारी त्यांच्या छातीत कळ आली म्हणून मुलगी ओझेला धावत आली. मयत न्यायला आणि आजारी न्यायला गावात आपल्या काळ्या लोकांना गाडी एकच, माझी. सहा मैलांवरच्या हॉस्पिटलात आपल्यासाठी तळघरात आठ खाटा, त्या भरलेल्या. वरच्या मजल्यावर रिकाम्या होत्या, पण त्या गोऱ्यांच्या. म्हणून अडतीस मैलांवर, तुमच्या शहराकडे निघालो. ओझेला लेकरांना शेजारी ठेवून मागून बसने येणार होती.

पुलावर आपली कॉलेजची पोरं, गोऱ्या-काळ्यांचा हा भेद बंद करा म्हणून, रस्त्यात बसून गाणी म्हणत होती. उतरून पोलिसाकडे गेलो, तर तो हसत म्हणाला की तुझेच लोक आहेत, तूच उठव. पुढच्या पोरांच्या कानात ओरडलो तेव्हा ती झटकन उठली, हे खरं. पण अकरा मिनिटं गेली होती. पोचलो तेव्हा बाई थंड पडल्या होत्या.

न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांचा सूर एकच: मागणी रास्त आहे, पण रस्ता कशाला अडवायचा? पाद्रीबुवा म्हणाले, ही कार्टी आपलीच वाट लावणार. मीही मान डोलावली. गोऱ्यांचा पेपरवाला तर निवेदन टाईप करूनच घेऊन आला: निदर्शकांनी बाईचा जीव घेतला. खाली फक्त माझी सही हवी. सही झाली की पोरांवर मनुष्यवधाचा खटला भरणार म्हणे. सोमवारपर्यंत मुदत आहे.

तू त्यात नव्हतीस ना? एवढंच कळव. माया आहेच, ती कमी होईल असं काही लिहू नकोस.

तुझा
थॅडमामा

१६ मे

ती. थॅडमामांस व्हर्नेलचा सा. न. वि. वि.

मामा, मी होते. परीक्षेआधी असल्या भानगडीत पडणार नाही असा तुम्हाला शब्द दिला होता, म्हणून तोंडासमोर फलक धरून बसले होते. तुमची गाडी लांबूनच ओळखली. टपावर लाल दिवा नव्हता. दिवा असेल तर आत आजारी, नसेल तर मयत, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. शेजारच्या मुलाने विचारलं, उठायचं का. मी म्हटलं, बस रे, माझ्या मामाची शववाहिका आहे, आतल्याला कसली घाई? सगळे हसले.

तुम्ही पोलिसाकडे गेलात आणि गाडीतला पडदा हलला. पडद्याआडून चार बोटं आली, आतून काचेवर टेकली. मी बघत होते. काच बंद होती, तरी मी स्वतःला सांगितलं, वारा आहे.

खोलीतला पडदा मी काढून टाकलाय. आता नुसत्या काचेवर बोटं दिसतात.

सही करा. माझं नाव लिहा. मामींना सांगू नका.

तुमची, अजून म्हणवून घ्याल तर,
व्हर्नेल

२० मे

चि. व्हर्नेल हिस आशीर्वाद, पूर्वीइतकेच.

दिवा गॅरेजमध्ये राहिला. सकाळी एक मयत होती म्हणून उतरवला होता, घाईत परत चढवला नाही. न्हाव्याच्या दुकानात हे मी बोललो नाही. कबरी खणत वर आलेला माणूस मी. तीस वर्षं नाव जपलं आणि माझी चूक तुम्हा पोरांच्या माथी जाताना गप्प बसलो.

सही केली नाही. मी माझ्या हाताने सगळं लिहून दिलं: खाटा, अडतीस मैल, दिवा, अकरा मिनिटं. पेपरवाला म्हणाला, एवढी जागा नसते. आज छापून आलीत ती फक्त अकरा मिनिटं. सहीवाचून खटला तूर्त अडलाय.

म्हणून सुटलीस असं समजू नकोस. रस्ता अडवणं मला अजून पटत नाही. गाडीत कोण आहे ते न बघता अडवणं तर मुळीच नाही. अलीकडे गाडी चालवताना मागून काचेवर टकटक ऐकू येते. मी थांबतो, उतरतो, मागचं दार उघडून बघतो. मयताची माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

दिव्याचं मी ओझेलाला सांगितलं. बोटांचं तू सांगायचं, आणि पत्राने नाही.

तुझाच
थॅडमामा

२ जून

ती. थॅडमामांस सा. न.

ओझेलाताईंकडे जाऊन आले. त्यांनी बस म्हटलं नाही. सगळं ऐकून एकच विचारलं, मूठ होती की हात उघडा होता? उघडा, म्हटलं. त्या सिंककडे वळून भांडी विसळू लागल्या. मग म्हणाल्या, तुमचं ते पुलावर बसणं मला पटत नाही, आणि ते तळघरही पटत नाही. पुन्हा कधी बसणार?

काल त्या पुलावर आल्या. चर्चला जायची टोपी, हातमोजे. बसल्या नाहीत. अडलेल्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन, काचेला कपाळ लावून आत बघत होत्या. एकाने काच खाली करून शिवी हासडली, एक थुंकला. त्या पुढच्या गाडीकडे गेल्या.

विसाव्या की एकविसाव्या गाडीपाशी त्यांनी हात वर केला. गाणं थांबलं. आम्ही सगळे उठून बाजूला झालो. गाडी निघून गेली. आत कोण होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या दिवशी घरी बोलल्या तेवढंच, त्यानंतर माझ्याशी त्या एक शब्द बोललेल्या नाहीत. पुढच्या शनिवारी येणार आहेत.

रागावलात तरी लिहीत राहा.

तुमची
व्हर्नेल