टाचेवरचे केशरी पट्टे

नेब्रास्का, मोटेलची मागची खोली
१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय बाबा,

मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे ते आईने फोनवर सांगितलंच. थंडीत त्याला शेकत जा, नुसतं चोळून काही होत नाही.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, याला काय झालं. शाळेतसुद्धा मी कधी पानभर लिहिलं नाही. पण फोनवर तुम्हाला नको ते ऐकू आलं की आपल्या खोऱ्यातली रेंज जाते. पत्राची रेंज जात नाही. आणि बरोबर एक खोका आहे. तो पत्र वाचून संपल्याशिवाय उघडू नका. तुमच्या खिशात चाकू असतो आणि तुम्हाला दम निघत नाही, म्हणून आधीच सांगतो.

इकडची हकीकत अशी, की वारा थांबत नाही. इथं झाडं नाहीत, वाऱ्याला अडवायला कोणी नाही. आमचं काम तर वाऱ्यातलंच. उंचच उंच खांब रोवायचे आणि त्यावर घराच्या छपराएवढे झेंडे चढवायचे. गाड्यांच्या शोरूमवाल्यांना आता छोटा झेंडा चालत नाही. शेजारच्याचा मोठा असला की याला त्याहून मोठा पाहिजे. देशप्रेमही हे लोक फुटावर मोजतात. तुमच्यासमोर असं बोललो असतो तर तुम्ही ताटावरून उठला असता, ते मला माहीत आहे.

हरणांचा मोसम सुरू होतोय. ऑरिन काकाने यंदाही माझं मचाण बळकावलं असेलच. बळकावू दे.

आईने परवा फोन केला. बाथरूममधून करत होती, नळ सोडून, म्हणजे तुम्हाला ऐकू जाऊ नये. म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला ये रे. टर्की मोठी आणलीय. फक्त तो विषय काढू नकोस."

मी म्हटलं, "कुठला विषय?"

"तोच. जेवताना नको. आपण सगळे मिळून जेवू, ॲपल पाय खाऊ, फुटबॉल बघू."

"आणि शेल्बी?"

"तुझ्या बहिणीला पण सांगितलंय. ती पण काढणार नाही."

मग नळाचाच आवाज येत राहिला. बाबा, आपल्या घरात आई अशी किती वर्षं नळ सोडून बोलते आहे? तुम्ही आणि शेल्बी एकमेकांना देश कसा चालवायचा ते शिकवता आणि ती कुस्करलेल्या बटाट्यांचं भांडं धरून मध्ये उभी राहते. भांडं गार होतं. मागच्या वर्षी तुम्ही शेल्बीला म्हणालात, "इतका तिटकारा असेल या देशाचा तर जा ना दुसरीकडे." ती म्हणाली, "आधी तुमचे आजोबा कुठून आले ते विचारा." आणि काका तोंडात घास कोंबून म्हणाला, "ते रांगेत उभे राहून आले." काकाला आपल्या आजोबांचं नावसुद्धा सांगता येत नाही, पण ते रांगेत उभे होते हे त्याला पक्कं माहीत आहे.

तर तो विषय. मी काढतोय. जेवताना नाही, पत्रात.

विल्मरला तुम्ही ओळखता. नाही म्हणू नका. उन्हाळ्यात मी व्हिडिओवर फोन लावला होता, तेव्हा मागे तव्यावर अंडी करत होता तोच. तो होंडुरासचा, माझ्याच टोळीत कामाला. तुम्ही म्हणाला होता, "त्याला सांग, मिरची कमी घाल, नाहीतर माझ्या पोराचं पोट जळेल." तो हसून म्हणाला, "सर, तुमच्या पोराचं पोट नाही, खड्डा आहे. माझे चिप्सपण त्यानेच खाल्ले." तुम्ही एवढे हसलात की तुम्हाला खोकला आला. माझ्या हातोडीच्या दांड्यावरचे दोन केशरी पट्टे बघून तो तुम्हाला केशरी साहेब म्हणायचा. मी त्याला सांगितलं होतं, की आमच्या घरी कुऱ्हाड, फावडं, शिडी, घमेलं, सगळ्यावर हे पट्टे असतात, कारण आमच्या गावात उसनी नेलेली वस्तू परत येत नाही आणि ऑरिन काका शेजारीच राहतो. तो म्हणाला, "म्हणजे तुलाही कुठंतरी पट्टे मारले असतील."

तो काही साधुसंत नाही. पत्त्यात लबाडी करतो आणि पकडला की स्पॅनिशमध्ये देवाची शपथ घेतो. घोरतो. पण वाऱ्यात दोर सोडत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी हायवेलगतच्या एका शोरूमवर खांब उभा केला. झेंडा चढवायच्या दिवशी समारंभ. शाळेचा बँड, हॉटडॉग, पोरांच्या गालावर तारे रंगवलेले. वारा असा की बँडवाल्यांचे कागद उडत होते. आमचा मुकादम एलिसेओ मालकाला म्हणाला, "आज नको. उद्या सकाळी चढवू."

मालक म्हणाला, "लोक आज आलेत. वाऱ्याला घाबरणारा झेंडा नाही हा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की या देशात कोणी थांबत नाही.

झेंडा अर्ध्यावर गेला आणि वरची कडी तुटली. अख्खा कपडा खाली आला आणि पडता पडता शिडासारखा फुगून हायवेकडे निघाला. तिकडून मालाचे ट्रक भरधाव चाललेले. एखाद्या ट्रकच्या काचेवर तो बसला असता तर काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही ट्रक चालवलाय. विल्मरने एका टोकाला मिठी मारली. त्याला ओढत नेलं. मी दुसऱ्या टोकाला होतो, माझ्या हातातून दोर सुटला. मग मी काय करणार होतो? दोन्ही पाय रोवले झेंड्यावर. पांढऱ्या पट्ट्यावर. जोर लावून उभा राहिलो आणि तो थांबला.

तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. फोटोत विल्मरचं तोंड आहे, दात विचकलेले, कारण त्याचा खांदा निखळत होता. खाली झेंड्यावर बूट आहेत. मधला मी फुगलेल्या कापडाच्या मागे. बघणाऱ्याला वाटतं, त्याचेच पाय.

झेंडा जमिनीला टेकला म्हणून माणसं अशी ओरडली जणू मूल विहिरीत पडलं. मालक म्हणाला, आता हा जाळावा लागेल. अहो, धूळ लागली होती, धुतला असता तरी चाललं असतं. आणि बाबा, त्यातल्या एकानेही हात लावला नाही. सगळ्यांच्या हातात फोन होते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो फोटो असाच कुठंतरी पडून राहिला असता. तुम्ही तो उचललात आणि वर ओळ लिहिलीत: 'आपल्या भाकरीवर जगतात आणि आपल्या झेंड्यावर पाय देतात.' झकास जमली ओळ. तुमच्याकडून तो फोटो काकाकडे, काकाकडून सगळ्या राज्यात. तुमच्या वाढदिवसाला बोटावर मोजण्याइतके लोक शुभेच्छा देतात, आता अनोळखी लोक तुम्हाला सलाम ठोकत होते. खाली काय काय लिहिलंय ते मी वाचलं. विल्मरचं काय काय करायला हवं ते. चर्चमध्ये आपल्या पुढच्या बाकावर बसणाऱ्या बाईने लिहिलंय. तिने मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं.

तुम्हाला वाटेल, शेल्बीची बाजू घेतोय. तिचीही ऐका. तिच्या कॉलेजच्या टोळक्याने तोच फोटो लावला, वर लिहिलं, 'झेंडा चढवणाऱ्या हातांनी आज झेंडा उतरवला.' विल्मरला त्यांनी बंडखोर करून टाकलं. मी तिला फोन केला. म्हटलं, "शेल्बी, बंड नाही, वारा होता. आणि टाचा बघ. ते बूट माझे आहेत."

ती म्हणाली, "मला दिसल्या टाचा."

"मग?"

"टकर, आत्ता हे सांगू नकोस. या फोटोमुळे लोक जागे होतायत. तुला मोठं चित्र कळत नाही."

मी म्हटलं, "मोठ्या चित्रात विल्मर कुठं आहे?" ती म्हणाली, तू दमलेला आहेस, मग बोलू.

एलिसेओचं तर विचारूच नका. वीस वर्षांपूर्वी तोही होंडुरासहूनच आला. आता नागरिक आहे, टोपीवर गरुड लावतो. "मी फी भरली, परीक्षा दिली, हात वर करून शपथ घेतली. ही नवी पोरं आमचं नाव घालवतात." हे तो विल्मरच्या तोंडावर बोलला. खांद्याला झोळी बांधलेल्या माणसाला. मी म्हटलं, बूट माझे होते, तू बघितलंस. तो म्हणाला, "मी बघितलं. पण मालकाला एक माणूस काढून हवाय, आणि तू त्याला चालणार नाहीस." म्हणजे मला काढून त्यांचा राग जाणार नव्हता. मी गोरा, माझ्या पायाखाली झेंडा आला तर तो अपघात. विल्मरला काढला.

मला सगळ्यांचीच किळस आली आहे. एका बाजूची नाही. टीव्हीवर दोन माणसं एकमेकांवर भुंकत असतात आणि मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत माणसं तेच शब्द चघळत बसतात, जसे दुसऱ्याच्या तोंडातले च्युइंगम. खरं काय झालं ते मी शोरूमवाल्याला सांगितलं, इथल्या पेपरवाल्याला सांगितलं. पेपरवाला म्हणाला, "म्हणजे वारा होता? त्यात बातमी काय?"

मग मी तुमच्या त्या ओळीखाली लिहिलं: 'बाबा, ते बूट माझे आहेत. टकर.' चहा संपायच्या आत ते नाहीसं झालं. मला वाटलं, माझंच काही चुकलं. परत लिहिलं. परत गेलं. मग तुम्हाला फोन लावला.

तुम्ही म्हणालात, "तू तिथं होतास हे मला कसं कळणार?"

मी विचारलं, "टाचा बघितल्या नाहीत?"

"कुठल्या टाचा? हॅलो? टकर, रेंज जातेय बघ."

मी गप्प बसणार होतो. चष्मा नसेल, म्हातारा माणूस आहे, अशी मनाची समजूत घातली होती. मग शेल्बीवाला फोटो आणि तुमचा फोटो शेजारी ठेवून बघितले. तिच्या फोटोत बूट अख्खे आहेत, टाचेवरचे दोन केशरी पट्टे दुरून दिसतात. तुमच्या फोटोत तुमची ती ओळ पट्टीसारखी लावली आहे. वर आभाळ मोकळं होतं. खाली गवत मोकळं होतं. ओळ नेमकी टाचांवर बसवली आहे.

बाबा, तुम्हाला फोनमध्ये अक्षरं मोठी करायची तरी आईला हाक मारावी लागते. हे कसं जमवलंत? किती वेळ बसला होतात? बोटाने सरकवून सरकवून?

मी घर सोडलं त्या सकाळी तुम्ही ते बूट मांडीवर घेऊन ओसरीत बसला होतात. रंग वाळेपर्यंत मला जाऊ दिलं नाहीत. म्हणालात, "परक्या मुलखात चाललास. आपली वस्तू आपल्याला ओळखता आली पाहिजे."

आता कामाचं. विल्मरची कोर्टात तारीख आहे, डिसेंबरच्या सुरुवातीला. इथं राहू देणार का परत धाडणार ते तेव्हा ठरेल. परत गेला तर कोण वाट बघतंय ते त्याने मला एकदाच सांगितलं, मी पत्रात लिहीत नाही. त्याची वकील बाई म्हणते, तो फोटो सरकारी वकील नक्की पुढे करणार, तुमच्या ओळीसकट. मी माझी साक्ष लिहून दिली आहे. ती म्हणाली, "तू त्याचा दोस्त आहेस, तुझं खरं कोण धरणार? ज्याने ही ओळ लिहिली त्यानेच बूट ओळखले, तर गोष्ट वेगळी."

म्हणून हा खोका. यात डावा बूट आहे. उजवा वकील बाईकडे ठेवलाय. मी सध्या एलिसेओचे जुने घालतो, ते मोठे होतात, आत मोजे कोंबतो.

मला माफी नको. तुम्ही शेल्बीचं मत घ्या असंही म्हणत नाही. तुमचं मत तुमच्यापाशी राहू द्या, झेंडा ओसरीवर राहू द्या. फक्त एक वाक्य लिहा, सही करा आणि बाईच्या पत्त्यावर धाडा, पत्ता बुटात घातलाय. 'हे बूट माझ्या मुलाचे आहेत.' एवढंच. आणि तेच त्या फोटोखालीही लिहा, पट्टी काढून.

लिहिलंत तर मी थँक्सगिव्हिंगला येतो. एलिसेओचे बूट घालून येईन, हसू नका. नाही लिहिलंत तर आईला सांगा, माझी खुर्ची काढू नकोस. त्या खुर्चीवर हा बूट ठेवा. कोणी विषय काढणार नाही, तोही काढणार नाही. काका टर्कीचा पाय मागेल, शेल्बी फोन बघेल, आई भांडं धरून उभी राहील, आणि तुम्हाला जेवण होईपर्यंत ती टाच बघत बसावं लागेल.

आता उघडा खोका.

तुमचाच, अजून तुमचे पट्टे न खरवडलेला,
टकर