फोरमनची कवळी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली जाडजूड कादंबरी काल संपवली आणि भिंतीवर फेकली. आपल्या घरात पुस्तक वाचणाऱ्याने मत कळवायचंच असतं, म्हणून कळवते: शेवट भिकार आहे. मित्र दीपगृहाचा दिवा विझवतो, जहाज फुटतं, आळ बिचाऱ्या रखवालदारावर येतो. तो देशोधडीला लागतो, नाव बदलून जहाजांचा वाटाड्या होतो. ऐन वादळात त्याच मित्राचं जहाज त्याच्या हाती लागतं. आणि हा शहाणा ते सुखरूप बंदरात आणून, नावही न सांगता निघून जातो. आई म्हणते, निदान आईला तरी भेटून जायचं होतं मेल्याने.

आता खरी बातमी. आमच्या दवाखान्यात कवळी करून घ्यायला तुझा फोरमन आलाय. पॉलिशच्या खोलीत स्वतः शेगडी पेटती ठेवून गेला, आग लागल्यावर तुझं नाव घेतलं आणि तुला कारखान्यातून हाकलायला लावलं, तोच. मी मागच्या खोलीत कवळ्या करत बसते, त्यामुळे त्याने मला पाहिलं नाही. त्याच्या जबड्याचं माप माझ्या टेबलावर आहे. डावी बाजू केसभर उंच ठेवली तर प्रत्येक घासाला रडेल, आणि डॉक्टरीणबाईंनाही पत्ता लागणार नाही. तू फक्त हो म्हण.

लोभ आहेच, माझ्या रागावरही असू दे.

तुझी
ठकी

१० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. आ.

पुस्तकाची पानं सुटली असतील तर तूच शिवून ठेव. तुझ्या वहिनीने समुद्राची सगळी वर्णनं गाळली, आणि तिला तो दगाबाज मित्रच आवडला, कारण तो कपडे चांगले घालतो. तेव्हा आपल्या घरात एकमत व्हायची आशा नको.

मला मात्र रखवालदाराने जहाज बुडवलं नाही हे पटलं. बुडवलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, हा असेल तिथे जहाजं बुडतातच. माझा राग वेगळा आहे. तो नाव न सांगता का गेला? इथे नव्या नोकरीवर, गोदामात, माझ्या आधी त्या आगीची गोष्ट पोचली. थंडीतसुद्धा शेगडी दुसराच कुणीतरी पेटवतो, मला काडेपेटीला हात लावू देत नाहीत. फोरमनला मी क्षमा केलेली नाही, करणारही नाही.

म्हणून कवळी चोख कर. आजवर तुझ्या हातून झाली नसेल इतकी चोख. ती तोंडात बसली की सांग त्याला, तू कुणाची बहीण ते.

एरवी माझं ऐकत नाहीस, तरी माया कमी केलेली नाही. या वेळी ऐक.

तुझा
दादा

२८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दातओठ खात का होईना, तुझं ऐकलं. कवळी अशी बसली की डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून त्याच्यासमोर शाबासकी दिली. त्याने आरशात बघून माझे आभार मानले. मग मी सांगितलं, आगीत ज्याचं नाव घेतलंत, त्याची मी धाकटी बहीण. त्याने आरसा खाली ठेवला आणि तडक निघून गेला.

दुसऱ्या दिवशी हजर. डावीकडे टोचतं म्हणाला. बाईंनी तपासलं, काही नाही. मग उजवीकडे टोचायला लागलं. तेव्हापासून सारखा येतोय. पातळ खाऊन राहतो, गाल पार बसलेत. मला बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

आज तो थेट माझ्या खोलीत आला आणि हात जोडून म्हणाला, काय करून ठेवलंयस ते सांग. मी म्हटलं, काही केलेलं नाही. शपथ घ्यायला लावली, घेतली. तरी विश्वास नाही. मालकापुढे तूही असाच खरं सांगत उभा होतास ना, दादा? शेवटी त्याने विचारलं, शेगडीचं मालकांना खरं सांगितलं तर नीट करून देशील का? मी म्हटलं, आधी सांगून या.

कवळी माझ्या टेबलावर काढून ठेवून तो बोळक्या तोंडाने कारखान्यात गेलाय. तिच्यात नीट करण्यासारखं काहीच नाही. तो परत आला की पाण्याने विसळून त्याच्या हातात ठेवीन.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आता हक्काने मागते.

तुझी
ठकी